रोजचं बायबलवाचन: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

आमच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो. अभ्यासात फार कुणी तोंड उघडत नाही. खरे प्रश्न येतात ते नंतर, चपला घालताना नाहीतर रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी लिहून काढले. विचारणाऱ्यांत प्रोटेस्टंट आहेत, कॅथलिक आहेत, आणि ख्रिस्ती घरात लग्न होऊन आलेल्या दोघी-तिघीही आहेत. मी पाळक नाही. त्यामुळे इथे जी मतं आहेत ती माझी, मंडळीची नव्हेत.

१. दर रविवारी उपासनेत वचन ऐकतोच की. मग घरी रोज वाचायची काय गरज?

रविवारी आपल्याला मिळतो तो तुकडा. दहा-वीस ओव्या, त्याही पाळकसाहेबांनी निवडलेल्या. उपदेश कितीही चांगला असला तरी त्या तुकड्याच्या मागेपुढे काय आहे हे घरी वाचल्याशिवाय कळत नाही. आणि सगळी गोम त्या मागच्यापुढच्यातच असते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि चक्क शास्त्रवचन ऐकवतो. तेही ९१व्या स्तोत्रातलं, म्हणजे आपल्याकडे आजारपणात, प्रवासाला निघताना हमखास वाचतात तेच. वचन खरं आहे, शब्दही बरोबर आहेत, फक्त कामाला भलतीकडे लावलंय. येशू तिन्ही वेळा उत्तर देतो ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, सहाव्या आणि आठव्या अध्यायातून. वाळवंटात त्याच्याजवळ शास्त्राची गुंडाळी नव्हती. जे होतं ते आत मुरलेलं होतं.

सुटं वचन कुणीही कशालाही चिकटवू शकतो. रोज वाचणाऱ्या माणसाला निदान शंका तरी येते की हे वाक्य इथलं नाही. मला विचाराल तर नियमित वाचनाचा पहिला फायदा हाच. मन:शांती वगैरे नंतर.

२. रोज म्हणजे किती वाचायचं?

आधी हिशेब सांगतो. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, २६० अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय धरला तर बरोबर एका वर्षात तो संपतो, आणि शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे. प्रोटेस्टंट बायबलमधले सगळे अध्याय मिळून १,१८९. वर्षात पुरं करायचं तर दिवसाला तीन-सव्वातीन अध्याय पडतात. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणून पुष्कळ घरांत तारखेप्रमाणे एकेक वाचतात. स्तोत्रं १५०, रोज पाच वाचली तर महिन्यात होतात.

वर्षभरात पूर्ण बायबल ही योजना जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी इथले पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी असा तक्ता केला. त्यात रोज साधारण चार अध्याय येतात, जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा होतात. तो तक्ता आजही वापरात आहे. पण तो देताना त्यांनीच धोकाही सांगितला होता, की वाचन निव्वळ उरकण्याचं काम होऊ शकतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक अध्याय वाचावा. दहा मिनिटं लागतात. त्यात काय वाचलं हे संध्याकाळी आठवलं तर पुष्कळ झालं.

३. उत्पत्तीपासून सुरू करतो आणि दर वर्षी लेवीयात अडकतो. काय चुकतं?

काहीच चुकत नाही, सगळेच अडकतात. मीही तीनदा अडकलो. उत्पत्ती गोष्टींवर पळते, निर्गमाचा पहिला अर्धा भागही. मग निवासमंडपाची, म्हणजे वाळवंटातल्या त्या तंबूच्या मंदिराची, मापं सुरू होतात, फेब्रुवारी उजाडतो आणि लेवीयातल्या बलिदानांच्या तपशिलात आपण बसतो.

बायबल हे एक पुस्तक नसून कपाट आहे. कपाटातली पुस्तकं डावीकडून उजवीकडेच वाचावी असा नियम कुठेच नाही. क्रमही कालक्रम नव्हे. पौलाची पत्रं साधारण लांबीप्रमाणे लावलेली आहेत, मोठं आधी, छोटं नंतर. म्हणून मी मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करायला सांगतो. सोळा अध्याय, दीड तासात मोठ्याने वाचून होतात आणि कथा कुठे रेंगाळत नाही. त्यानंतर उत्पत्ती, मग लूक आणि लगोलग प्रेषितांची कृत्ये, कारण ती एकाच लेखकाची दोन पुस्तकं आहेत. सोबत रोज एखादं स्तोत्र. लेवीय वाचायचं ते इब्री लोकांस पत्राच्या जोडीने. मग याजक, रक्त, पडदा या शब्दांना अर्थ येतो.

४. कोणतं मराठी भाषांतर घ्यावं? आजीच्या बायबलची भाषा समजत नाही.

आजीचं बायबल ठेवा, टाकू नका. पण रोज वाचायला स्वतःला कळेल ते घ्या. बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाचलं जातं आणि पाठांतर त्यातूनच होतं. सोप्या मराठीतली भाषांतरंही आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' टिपांसाठी मुद्दाम जवळ ठेवावं, प्रोटेस्टंटांनीसुद्धा.

मराठीत ही खटपट दोनशे वर्षांहून जुनी आहे. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापला तो १८११ साली. पंडिता रमाबाईंना शुभवर्तमान भेटलं ते आसामात, सिल्चरला, घरातल्या पुस्तकांत सापडलेल्या एका लहानशा पुस्तिकेत. ती लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत होती. पुढे केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं होतं. तेव्हा 'भाषा कळत नाही' ही तक्रार करायला लाजू नका. ती रमाबाईंचीही होती.

अभ्यासाला बसताना दोन भाषांतरं शेजारी ठेवावीत. जिथे शब्द वेगळे पडतात तिथे थांबावं. बहुधा मूळ वाक्यच अवघड असतं.

५. आम्ही कॅथलिक. आमच्या बायबलात पुस्तकं जास्त का, आणि मिस्सातली वाचनं पुरत नाहीत का?

प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. नवा करार दोघांचा सारखाच, २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारात आहे. टोबित, मक्काबी अशी सात पुस्तकं आणि एस्तेर व दानीएलमधले काही भाग कॅथलिक परंपरेत शास्त्र मानले जातात.

मिस्सातली, म्हणजे कॅथलिक उपासनेतली, वाचनं हा खरं तर तयार अभ्यासक्रमच आहे. रविवारचं चक्र तीन वर्षांचं. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरच्या दिवसांत. रोजच्या मिस्साचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्राने फिरतं. पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत एवढी शिस्त नाही, हे कबूल करायला हवं. तरी जुन्या कराराचा बराच भाग या वाचनांत येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना वारंवार शास्त्र वाचण्याचा आग्रह केला, आणि तिथेच संत जेरोमचं वाक्य दिलं: शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान. रविवारची वाचनं शनिवारी रात्री घरी वाचून जा, एवढं केलंत तरी मिस्सात कान वेगळे होतात.

६. वाचणं आणि अभ्यास करणं यात फरक काय?

वाचताना आपण पुढे जातो, अभ्यास करताना मागे येतो. एक उदाहरण घेतो, कारण ते निम्म्या घरांच्या कॅलेंडरवर आहे: यिर्मया २९:११. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, भविष्याची आशा आहे. दहावीच्या निकालाला, नोकरीला, व्हिसाला, सगळीकडे हे चालतं.

आता पूर्ण अध्याय वाचा. हे पत्र आहे. यरुशलेमातून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतोय, दोन वर्षांत सगळे घरी याल. लोकांना तेच ऐकायचंय. यिर्मया लिहितो, नाही, घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहराने तुम्हाला पकडून नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागतील. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकजण परत जाणार नव्हते. आणि मग येतं अकरावं वचन.

हे कळल्यावर वचन लहान होतं का? माझ्या मते उलट. निकाल बिघडला त्या दिवशीही ते टिकतं.

अभ्यास म्हणजे इतकंच: कोण बोलतोय, कुणाशी, कुठल्या परिस्थितीत, आधी काय झालं होतं. त्यानंतर 'मला काय'. आपण सगळे शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, तिथे घोटाळा होतो. आणखी एक: अध्यायांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. ते तेराव्या शतकातले, आणि नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे १५५१ सालचे. यशयाचा ५३वा अध्याय ५२:१३ पासून वाचून पाहा, म्हणजे आकड्याने गाणं कुठे कापलंय ते दिसेल.

७. पहाटेच वाचायला हवं का?

नाही. दूध, डबे, पाणी यांत पहाट जाते. ज्या वेळेला तुम्हाला कुणी हाक मारत नाही ती वेळ. लोकलमध्ये बसायला मिळत असेल तर तीही चालेल.

८. मी डोळे मिटून बायबल उघडते, बोट ठेवते आणि तेच त्या दिवसाचं वचन धरते. चूक आहे का?

ताई, यावर मी एकदा फटकन बोललो होतो आणि समोरच्या आजी दुखावल्या, म्हणून जरा जपून. संत ऑगस्टीनचं आयुष्य असंच फिरलं. ३८६ साली मिलानच्या एका बागेत 'घे, वाच' असा लहान मुलाचा आवाज त्याच्या कानी आला, त्याने पुस्तक उघडलं, आणि नजर पडली ती रोमकरांस १३:१३-१४ वर. देव असं करत नाही असं कोण म्हणेल?

पण ऑगस्टीनने ती रोजची पद्धत केली नाही. पुढची चाळीसेक वर्षं त्याने ओळीने, पुस्तकामागून पुस्तक असं शास्त्र शिकवलं. रोज बोट ठेवून उघडलं की बायबलची पोपटवाल्याची चिठ्ठी होते. नकोसं वचन निघालं की आपण हळूच पुन्हा उघडतो. (उघडतो ना?) संकटाच्या दिवशी उघडलंत तर उघडा. जे निघेल त्याचा मात्र पूर्ण अध्याय वाचा.

९. वाचताना काहीच वाटत नाही. मन कोरडंच राहतं.

वाटण्यावर वाचन टांगू नका. नारायण वामन टिळकांची हकिगत बघा. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि वाचण्याचं वचन घेतलं. टिळकांना सुरुवातीला तो रुचला नाही. शब्द दिला होता म्हणून ते वाचत राहिले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि मग पुस्तक हातातून सुटेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मधले कोरडे दिवस त्यांनाही चुकले नाहीत. कोरडेपणा दोन-तीन महिने टिकला तर पुस्तक बदला. पत्रं वाचत असाल तर स्तोत्रांकडे या. ८८वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलंही समाधान जोडलेलं नाही. तेही शास्त्रातच आहे.

१०. वंशावळ्या गाळल्या तर चालेल?

पहिल्या वेळी खुशाल गाळा. दुसऱ्या वेळी मत्तयाचा पहिला अध्याय मात्र सावकाश वाचा. पुरुषांच्या त्या रांगेत मरीयेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि 'उरीयाची बायको'. चौघींच्याही कथा कुणी घरच्या वंशावळीत मिरवणार नाही अशा. मत्तयाने त्या मुद्दाम ठेवल्या आहेत, आणि बथशेबेचं नाव न घेता नवऱ्याचं घेऊन दावीदाचं पाप (तिला घेतलं आणि उरीयाला मारवलं ते) तिथेच नोंदवून ठेवलंय. नावांच्या यादीत एवढं असतं.

११. यहोशवाच्या पुस्तकातली कत्तल वाचवत नाही. हे देवाचं वचन कसं?

वाचवत नाही हे बरंच आहे. ज्याला ते सहज वाचवतं त्याची मला जास्त काळजी वाटते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. यहोशवाच्या दहाव्या-अकराव्या अध्यायांत कनान देशातल्या 'सर्वांचा संहार केला' असं येतं, आणि पुढच्याच 'शास्ते' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात तेच लोक त्याच प्रदेशात नांदताना दिसतात. म्हणून अनेक अभ्यासक त्या भाषेला त्या काळच्या युद्धवर्णनाची अतिशयोक्ती मानतात. दुसरं, ज्या यरीहोपासून हे सगळं सुरू होतं तिथलीच राहाब वाचते आणि येशूच्या वंशावळीत येते (प्रश्न १० पाहा). याने माझी बोच पूर्ण जात नाही. मी हे अध्याय 'वैऱ्यांवर प्रीती करा' म्हणणाऱ्या येशूच्या हाताने वाचतो. या पुस्तकाचा आधार घेऊन आज कुठल्याही लोकांविरुद्ध बोलणारा उपदेशक दिसला, तर उठून निघावं.

१२. अडलं तर कुणाला विचारू? यूट्यूबवर तर प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

अडणं हे नवं नाही. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय: कूशी देशाचा मोठा अधिकारी रथात बसून यशया वाचतोय. पहिल्या मंडळीतला फिलिप्प त्याला विचारतो, कळतंय का? तो मोकळेपणाने म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? एवढ्या हुद्द्याचा माणूस, पण लाजला नाही.

आधी तो पूर्ण अध्याय, मग समासातले संदर्भ, मग पाळक किंवा फादर, मग एखादं टीकापुस्तक. यूट्यूब सर्वांत शेवटी. आणि सांगणारा कितीही मोठा असो, बिरुयाच्या लोकांसारखं करा: कृत्ये १७:११. त्यांनी पौलाचं उत्सुकतेने ऐकलं आणि रोज शास्त्र काढून ताडून पाहिलं. लूक त्याबद्दल त्यांची तारीफ करतो. माझीही उत्तरं अशीच तपासा.

१३. मोबाइलवर वाचलं तर चालतं का? आणि आईला वाचता येत नाही, तिने काय करावं?

मोबाइलवर चालतं, फक्त आधी नेट बंद करा. अभ्यासाला मात्र कागद बरा, कारण पान उलटताना मागचंपुढचं दिसतं. पेन्सिलीने खुणा करायला काही हरकत नाही.

आईने ऐकावं. पहिल्या मंडळ्यांतले बहुतेक लोक ऐकणारेच होते. पत्रं सर्वांसमोर वाचली जायची. प्रकटीकरण १:३ मध्ये वाचून दाखवणारा आणि ऐकणारे, दोघांनाही धन्य म्हटलंय. मराठी ऑडिओ बायबल आहेच, पण नातवंडाने रोज पाच मिनिटं वाचून दाखवलं तर दोघांचंही होतं. उच्चार चुकले तर आई सुधारेल. ऐकून ऐकून तिला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतं.

१४. पाळीच्या दिवसांत बायबल हातात घ्यावं का?

घ्यावं. हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्याने उत्तर देतो. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायातले नियम निवासमंडपाच्या शुद्धतेविषयी होते. मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीत येशूच्या वस्त्राला शिवते. तो मागे सरकत नाही, विटाळ झाला म्हणत नाही. तिला 'मुली' म्हणतो. ज्याच्या वस्त्राला शिवलेलं चाललं, त्याच्या पुस्तकाला का चालू नये?

१५. सासरी मी एकटीच ख्रिस्ती आहे. उघड वाचलं की वातावरण बिघडतं.

मग उघड्यावरच वाचण्याचा हट्ट नको. वचन मनात असेल तर पुस्तक हातात नसलं तरी चालतं. एक स्तोत्र पाठ करा, २३वं किंवा १२१वं, आणि भांडी घासताना म्हणा. लपवाछपवी म्हणून नव्हे, घर राखायचं म्हणून. पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचे वडील ग्रीक होते (कृत्ये १६:१), तरी आई युनीके आणि आजी लोईस यांच्याकडून लहानपणापासून शास्त्र त्याला मिळालं. ते कसं दिलं हे लिहिलेलं नाही. बहुधा रोजच्या बोलण्यातूनच. घरात धमकी किंवा मारहाण असेल तर मात्र हा बायबलवाचनाचा प्रश्न उरत नाही. आधी विश्वासातल्या माणसाला सांगा.

१६. महिनाभर खंड पडला. राहिलेले अध्याय भरून काढू का?

नको. आजच्या तारखेपासून वाचा. थकबाकी वसूल करायला देव बँक नाही. खंड आजारपणामुळे पडला असेल तर त्याला खंडही म्हणू नका.

१७. जुनं, फाटकं बायबल कसं टाकायचं?

कागद-शाई पवित्र नसते, पण रद्दीत टाकायला मन धजत नाही, हेही खरं. मंडळीत विचारा, पुष्कळदा बांधून मिळतं. अगदीच गेलं असेल तर आदराने पुरावं. समासातल्या टिपा आधी उतरवून घ्या. आमच्याकडे एका कुटुंबाला जन्म, बाप्तिस्मे आणि लग्नांच्या तारखा फक्त तिथेच सापडल्या.

१८. तीन वर्षं रोज वाचतोय. बायको म्हणते, स्वभावात काडीचा फरक नाही.

वहिनींची साक्ष मी ग्राह्य धरतो. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू शास्त्र शोधून शोधून वाचणाऱ्यांनाच सांगतो की शास्त्र माझ्याविषयी साक्ष देतं, तरी तुम्ही माझ्याकडे येत नाही. म्हणजे ही अडचण पहिल्यापासूनची आहे. याकोब तिला आरशाची उपमा देतो: माणूस तोंड बघतो, निघून जातो, आणि कसा दिसत होता ते लगेच विसरतो.

उपाय म्हणून वाचन वाढवू नका, कमी करा. याकोबाचं पत्र पाच अध्यायांचं आहे. आठवड्याला एकच अध्याय घ्या, रोज तोच. त्यातली एक गोष्ट निवडा, ती करून पाहा, आणि शनिवारी जमली का हे स्वतः न ठरवता वहिनींना विचारा. तिसरा अध्याय जिभेवर आहे. तिथे दोन-तीन आठवडे गेले तरी हरकत नाही.